मेंदूतील गाठीमुळे फिट का येते?

आयुष्यात कधीही फिट न आलेल्या माणसाला चाळिशीनंतर अचानक झटका आला, तर पुण्यातील न्यूरॉलॉजिस्ट बहुधा आधी मेंदूचा एमआरआय करायला सांगतात. त्यात दिसणारा प्रत्येक डाग ट्यूमरच असतो असे नाही; आपल्याकडे टेपवर्मच्या अळ्यांची पुटी किंवा क्षयाची गाठही तशीच दिसू शकते. परंतु तो ट्यूमर निघाला, तरी झटक्याचा उगम सहसा गाठीत नसून तिच्या कडेच्या, वरवर धडधाकट दिसणाऱ्या मेंदूत असतो.

मेंदूतील पेशींना ग्लुटामेट हे रसायन उत्तेजित करते आणि गाबा हे दुसरे रसायन आवरून धरते. हे संतुलन बिघडले, की असंख्य पेशी एकाच वेळी विद्युतसंदेश सोडू लागतात आणि फिट येते. ग्लायोमा (मेंदूतील आधारपेशींपासून होणारी गाठ) या प्रकारच्या गाठीच्या पेशी स्वतःच्या बचावासाठी सिस्टिन हे अमिनो आम्ल आत ओढून घेतात आणि त्याच्या बदल्यात ग्लुटामेट बाहेर सोडतात, त्यामुळे भोवतालच्या पेशी सतत चिथावल्या जातात. त्यातच या शेजारच्या पेशींमध्ये क्लोराइड साचू लागते, आणि मग आवरणारे गाबाच उलट उत्तेजन देऊ लागते. (नाकाशी कांदा किंवा चप्पल धरून यातले काहीही बदलत नाही.) २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तर चेतापेशी आणि ग्लायोमाच्या पेशी यांच्यात थेट सिनॅप्स (संदेश देण्याघेण्याचे जोड) जुळतात आणि त्यांतून येणाऱ्या संदेशांवर गाठ वाढते, असे दाखवून दिले, म्हणजे फिटमधले संदेश गाठीच्या वाढीलाही हातभार लावू शकतात, म्हणून फिट हे केवळ लक्षण मानणे अपुरे आहे.

सावकाश वाढणाऱ्या गाठींमध्ये फिट जास्त आढळते, उग्र ग्लायोब्लास्टोमामध्ये तुलनेने कमी, हे मला या विषयातले सर्वांत चकित करणारे तथ्य वाटते. सावकाश वाढणाऱ्या अनेक ग्लायोमांत आयडीएच जनुकात बदल झालेला असतो. त्यामुळे तयार होणारे रसायन रचनेने ग्लुटामेटसारखेच असते आणि पेशींवरील त्याच्याच ग्राहकांना (रिसेप्टर्सना) चेतवू शकते. जागेलाही महत्त्व आहे: मेंदूच्या बाह्य थरातील, विशेषतः कानशिलामागच्या आणि कपाळामागच्या भागातील गाठी झटके आणतात, तर लहान मेंदूतील गाठी क्वचितच.

शस्त्रक्रियेने गाठ जितकी अधिक काढता येते, तितकी झटके थांबण्याची शक्यता वाढते. एकदा फिट आली असेल, तर लेव्हेटिरासिटामसारखे फिट रोखणारे औषध सुरू करतात; मात्र एकदाही फिट आलेली नसताना केवळ गाठ आहे म्हणून ते दीर्घकाळ देण्याची शिफारस केली जात नाही.