कांद्याचा भाव सरकारच्या हातात कसा गेला

नाशिक जिल्ह्यात कांद्यावर बोलणं सुरू झालं की ते लगेच दिल्लीवर येतं. निफाड, येवला, चांदवड, सटाणा, कळवण, कुठल्याही बाजार समितीच्या आवारात उभे राहा. आजचा भाव काय निघाला, हे विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: सरकार आता काय करणार? पीक शेतकऱ्याचं, पैसा व्यापाऱ्याचा, खाणारं गिऱ्हाईक मुंबई-दिल्लीचं किंवा ढाका-दुबईचं. या तिघांच्या व्यवहारात न पेरणारा, न विकत घेणारा चौथाच निर्णय घेतो. सरकारने बाजारात कमीत कमी हात घालावा असं मानणाऱ्या आमच्यासारख्या उजव्या विचारांच्या लोकांनी हा इतिहास नीट बघायला हवा, कारण ज्यांना आपण मत दिलं ती सरकारंही त्यात येतात.

मुळं दुसऱ्या महायुद्धात आहेत. इंग्रजांनी १९३९ च्या भारत संरक्षण नियमांखाली धान्य, कापड, रॉकेल यांच्या साठ्यावर आणि भावावर नियंत्रण आणलं. युद्ध संपलं, पण १९४६ मध्ये तात्पुरत्या अधिकारांचा कायदा करून तीच व्यवस्था पुढे चालवली गेली. स्वातंत्र्यानंतर तरी ती जायला हवी होती. गांधीजींनी १९४७ च्या अखेरीस प्रार्थनासभांमधून धान्यावरची नियंत्रणं उठवा असा आग्रह धरला. ती सैल झाली आणि १९४८ मध्ये परत आवळली गेली. मद्रासचे मुख्यमंत्री झाल्यावर राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, १९५२ मध्ये आपल्या प्रांतातलं धान्यनियंत्रण काढून टाकलं. लोक उपाशी मरतील, असं त्यांना बजावणारे कमी नव्हते. धान्य बाजारात आलं आणि ती भीती खोटी ठरली. तरीही १९५५ मध्ये केंद्राने जीवनावश्यक वस्तू कायदा केला आणि युद्धकाळातला अधिकार कायमचा झाला.

राजाजींनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला, त्यामागे हीच चीड होती. १९६७ मध्ये लोकसभेत त्या पक्षाच्या ४४ जागा आल्या. पुढच्या काही वर्षांत तो संपलाही. संघ परिवारातल्या दत्तोपंत ठेंगडींचा रस्ता वेगळा, स्वदेशीचा. त्यांनी १९७९ मध्ये भारतीय किसान संघ उभा केला आणि वाजपेयी सरकारच्या आर्थिक धोरणांवर टीका करायलाही ते कचरले नाहीत. आपलं सरकार आहे म्हणून गप्प बसायचं नाही, ही उजव्यांची जुनी रीत आहे. अलीकडे ती विसरली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कांद्याकडे. त्याचं वर्षाचं गणित ठाऊक नसेल तर पुढचं काहीच कळत नाही. खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येतो, त्याच्या मागोमाग रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा कांदा. हे दोन्ही फार टिकत नाहीत; काढले की विकावेच लागतात. टिकतो तो उन्हाळ कांदा. डिसेंबर-जानेवारीत लागवड, एप्रिल-मेमध्ये काढणी, आणि मग चाळीत भरणी. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, बाजूंनी पट्ट्या ठोकलेली, वारा खेळता राहील अशी लांबट खोली. जून ते ऑक्टोबर अख्खा देश याच कांद्यावर काढतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचं वजन घटतं, तळाचा थर सडतो, सप्टेंबरात मोड फुटतात. बायका दिवसदिवस बसून सडका वेगळा काढतात, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी करतात. भरलेल्या मालातला तिसरा हिस्सा असा गेला तर गावात कुणाला आश्चर्य वाटत नाही. म्हणजे सप्टेंबरात जो भाव चढतो, त्यात गेलेल्या मालाची किंमत, चाळीचा खर्च आणि पाच महिन्यांचं थांबणं हे सगळं असतं. त्यात खरिपाची लागवड पावसाने झोडपली तर नवा माल लांबतो आणि भाव उसळतो. नेमक्या त्याच आठवड्यांत दिल्लीला जाग येते.

कांद्यावर सरकार पडतं, ही समजूत १९८० ची. जानेवारीतल्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी महाग कांदा हा प्रचाराचा मुद्दा केला आणि त्या सत्तेवर आल्या. आणि त्याच वर्षी पडलेल्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर आले. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करणारे शरद जोशी तोवर कांद्याच्या आंदोलनाने ओळखले जाऊ लागले होते. नाशिकच्या माधवराव खंडेराव मोरे, प्रल्हाद पाटील कराड यांनी त्यांना इकडे आणलं. नोव्हेंबरात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी जिल्ह्यातले रस्ते अडले, खेरवाडीला रेल्वे अडली, गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. १९८२ च्या जानेवारीत जोशींच्या शेतकरी संघटनेचं पहिलं अधिवेशन सटाण्याला भरलं. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. त्या गर्दीची आठवण जिल्ह्यात अजून निघते.

जोशींचं म्हणणं सरळ होतं. सूट नको, सबसिडी नको, कर्जमाफीची भीक नको. आमचा माल विकताना मध्ये येऊ नका, एवढंच करा. डाव्यांना ते उजवं वाटलं, आणि उजव्या पक्षांनी ते मतांपुरतं वापरलं. १९७४ पासून कांद्याची निर्यात नाफेड या देशपातळीवरच्या सहकारी पणन संस्थेमार्फत चाले; म्हणजे परदेशातला भाव शेतकऱ्यापर्यंत सरकारी गाळणीतूनच यायचा.

१९९८ मध्ये दुसरा धडा मिळाला. दिल्लीत कांदा किलोला पन्नासच्या घरात गेला. मुख्यमंत्री साहिबसिंग वर्मांच्या जागी सुषमा स्वराज आल्या, तरी नोव्हेंबरात भाजप हरला आणि शीला दीक्षित मुख्यमंत्री झाल्या. राजस्थानातही भैरोंसिंग शेखावतांचं सरकार गेलं. याच वर्षी देशात चोवीस तासांची खासगी वृत्तवाहिनी सुरू झाली होती. माझ्या मते या दोन गोष्टी एकत्र आल्याने फार नुकसान झालं. मंडईत उभी गृहिणी, तिच्या हातात रिकामी पिशवी, खाली ‘कांद्याने रडवलं’ अशी पट्टी: हा साचा तेव्हापासून बदललेला नाही. चाळीत सडका कांदा वेचणारी बाईही गृहिणीच असते, पण तिच्या दारात कॅमेरा येत नाही.

बातमीतला आकडा कुठून येतो तेही सांगायला हवं. नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या मोठ्या बाजारपेठेत, लासलगावला, सकाळी ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात. व्यापारी एकेका वाहनापाशी येतात, वरचा माल बाजूला सारून खालचा उपसतात, पत्ती म्हणजे वरची साल बघतात, मोड बघतात, बोली होते, चिठ्ठी फाटते, सगळा घोळका पुढच्या वाहनाकडे सरकतो. दिवसअखेर समिती तीन आकडे काढते: किमान, कमाल, सरासरी. कमाल भाव मिळतो एखाद-दुसऱ्या ट्रॉलीला, रंग आणि आकार एकदम उत्तम असेल तिला. गावातला प्रत्येक जण सरासरी बघतो. टीव्हीवर मात्र कमाल भाव झळकतो, आणि त्याच्यापुढे शहरातल्या किरकोळ दुकानातला दर लावला की शेतकरी मालामाल आणि ग्राहक लुटला, अशी गोष्ट तयार.

ग्राहकाचा हिशेबही घालून पाहावा. चौघांच्या घराला महिन्याला पाच किलो कांदा धरा. किलोमागे तीस रुपये वाढले तर दीडशे रुपये जास्त. गरीब घराला तेही जड जातात, हे मान्य. त्या घराला थेट मदत करावी, माझी ना नाही. पण ज्या घरात यापेक्षा जास्त पैसे मोबाइलच्या रिचार्जवर विनातक्रार जातात, त्या घरासाठी लाखो शेतकऱ्यांचा बाजार बंद करणं हा अन्याय आहे. २०१२ च्या पायावरच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. आपल्याकडे जुनी घरं मे महिन्यात उन्हाळ कांदा गोणीने घेऊन माळ्यावर पसरून ठेवतात. संसार हातात ठेवण्याची ती शिस्त शहरांतून गेली आणि तिच्या जागी सरकारकडे हात पसरणं आलं.

पुढचा काळ तर आपल्या डोळ्यांसमोरचा. २०१४ च्या मे महिन्यात नवं सरकार आलं. जूनमध्येच कांद्यावर किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याच्या खाली परदेशात विकता येत नाही असा भाव, लागलं आणि जुलैत कांदा-बटाट्यावर साठामर्यादा घालण्याचा निर्णय झाला. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये आले, ते त्याने मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवून दिले. पुढच्याच वर्षी भाव चढला तेव्हा, महाराष्ट्राच्या विधानसभा मतदानाला जेमतेम तीन आठवडे असताना, २९ सप्टेंबरला निर्यात बंद झाली. बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिल्लीत होत्या. स्वयंपाक्याला कांदा न घालण्यास सांगितलंय, असं त्या जाहीर भाषणात हसत म्हणाल्या. आपला तेव्हाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक देश तो. एका रात्रीत पुरवठा तोडणाऱ्या विक्रेत्यावर कोण भरवसा ठेवेल?

२०२० ची गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. जूनमध्ये वटहुकूम आला आणि कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या रोजच्या कचाट्यातून सुटला. युद्ध, दुष्काळ, नैसर्गिक आपत्ती किंवा असाधारण भाववाढ असेल तरच साठामर्यादा. आणि भाववाढ म्हणजे किती, तर फळं-भाज्यांसाठी किरकोळ दरात शंभर टक्के वाढ, हेही लिहून ठेवलं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदाच सरकारने स्वतःच्या हाताला मोजमाप घातलं होतं. लोकसभेने ते विधेयक १५ सप्टेंबरला मंजूर केलं. त्याच्या आदल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, कांद्याची निर्यात बंद केली गेली. कायद्याने ते करता आलं, कारण निर्यात येते १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली. तिथे कसलंच मोजमाप नाही, एक अधिसूचना पुरते. ऑक्टोबरात घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन अशी मर्यादाही आली. २०२१ मध्ये कृषी कायदे मागे घेताना ही दुरुस्तीही रद्द झाली.

मग १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान मूल्य, डिसेंबरात पूर्ण बंदी. लिलाव थांबले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडला. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली तेव्हा तर नाशिकमधला संताप पक्षाच्या पलीकडे गेला. ४ मे ला बंदी उठली, पण शुल्क राहिलं. जूनच्या निकालात दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही जागा सत्ताधारी युतीने गमावल्या. सप्टेंबरात शुल्क निम्म्यावर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून संपलं.

शुल्क गेलं, अधिकार मात्र तसाच आहे. उद्या भाव चढला तर पुन्हा एका अधिसूचनेने सगळं बंद होऊ शकतं, सरकार कुणाचंही असो. म्हणून आमची मागणी नेमकी आहे: २०२० च्या दुरुस्तीतली शंभर टक्क्यांची अट परत आणा, तशीच अट निर्यातबंदीलाही लावा, आणि उन्हाळ कांदा चाळीत भरायच्या आधी, एप्रिलमध्येच, त्या वर्षीचं निर्यात धोरण जाहीर करा.