पॅकेज अपडेटची वारंवारता

मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिममधली सॉफ्टवेअर पॅकेजेस, म्हणजे एकेका प्रोग्रामची बसवायला तयार गाठोडी, किती काळाने बदलायची, याचा त्या त्या वितरणाने ठरवलेला शिरस्ता. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रात कर्नल (यंत्रसामग्री हाताळणारा गाभा) एकाने लिहिलेला असतो, कंपायलर (प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन) दुसऱ्याने, ब्राउझर तिसऱ्याने. हे सगळे गोळा करून, एकमेकांशी जुळवून वापरणाऱ्याच्या हाती देते ते वितरण, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ‘डिस्ट्रो’. मूळ लेखकाने आज काढलेली आवृत्ती आपल्या यंत्रावर उद्या यावी की दोन वर्षांनी, हे डिस्ट्रो ठरवते.

यातली दोन टोके घरातल्या व्यवहाराने चटकन कळतात. एक दुधाचा रतीब, दुसरे उन्हाळ्यात भरून ठेवलेले वर्षाचे धान्य.

२००२ साली सुरू झालेली आर्च लिनक्स रतीबवाली. या पद्धतीला ‘रोलिंग’ म्हणतात. मोठी आवृत्ती अशी नसतेच, पॅकेज तयार झाले की येते. मात्र रतीब अर्धा घेऊन चालत नाही. एकच पॅकेज नवे घेतले आणि बाकीची जुनी ठेवली, तर लायब्ररींचा, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या सामाईक भागांचा, मेळ तुटतो. म्हणून आर्च अशा अर्धवट अपडेटची जबाबदारी घेत नाही. तीन-चार महिने कपाटात पडलेला लॅपटॉप उघडला, की कित्येकदा तो नव्या पॅकेजवरच्या, ते खरे असल्याची ग्वाही देणाऱ्या डिजिटल सह्याच ओळखत नाही. आधी सह्या तपासणाऱ्या किल्ल्यांचे पॅकेज नवे करायचे, मग बाकीचे.

१९९३ साली जन्मलेली डेबियन कोठीवाली. नवे पॅकेज आधी ‘सिड’ या अस्थिर शाखेत पडते, काही दिवसांत गंभीर दोष निघाला नाही तर ‘टेस्टिंग’मध्ये सरकते, आणि साधारण दोन वर्षांनी सगळे गोठवून, निवडून-पाखडून ‘स्टेबल’ बाहेर पडते. बारावी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये. उबंटू या दोन टोकांच्या मधोमध. ऑक्टोबर २००४ पासून नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरात, आणि दर दुसऱ्या वर्षी पाच वर्षे सांभाळली जाणारी ‘एलटीएस’, म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती. फेडोराही सहामाही, पण तिची एक आवृत्ती जेमतेम तेरा महिने जगते.

ठाण्यापासून नेरूळपर्यंतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या पोरांना हा फरक सबमिशनच्या आदल्या रात्री कळतो. ‘मेन’च्या आधी ‘इंट’ न लिहिलेला जुन्या वळणाचा सी प्रोग्राम लॅबमधल्या उबंटू २२.०४ वर नुसती ताकीद देऊन चालतो. तोच घरच्या रोलिंग लॅपटॉपवर कंपाइलच होत नाही, कारण मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ या कंपायलरने ही ढिलाई चूक म्हणून धरायला सुरुवात केली. बरोबर कंपायलरचेच आहे. पण प्रॅक्टिकलच्या आठवड्यात लॅबमधला कंपायलर बदलणे हा शहाणपणा नव्हे. त्यात आणखी एक मेख आहे. एलटीएस येते एप्रिलमध्ये, पण जुन्या एलटीएसवरून तिच्यावर चढण्याची सूचना पहिल्या दुरुस्ती-आवृत्तीनंतर, बहुधा ऑगस्टात मिळते. तोवर इकडे सत्र सुरू झालेले असते. साहजिकच लॅबचा बदल पुढच्या मे महिन्यावर जातो.

‘स्टेबल’ म्हणजे अपडेट बंद, असा एक गैरसमज आहे. कोठीतल्या धान्यालाही मधूनमधून ऊन दाखवावे लागते. सुरक्षेतली त्रुटी सापडली की डेबियनचे किंवा रेड हॅट या लिनक्स कंपनीचे लोक नवी आवृत्ती न घेता तेवढी दुरुस्ती जुन्या आवृत्तीत शिवून देतात. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. काम किचकट, श्रेय शून्य. मंद गतीची सारी इमारत मात्र त्यावरच उभी आहे. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत ज्यांचे सर्व्हर आहेत, त्यांना याची दुसरी बाजू ऑडिटच्या वेळी दिसते. तपासणीचे साधन नुसता आवृत्ती-क्रमांक वाचते आणि ‘जुने, धोकादायक’ असा शेरा मारते. मग ॲडमिनने क्रमांकामागची ‘डेब१२यू२’सारखी शेपटी आणि पॅकेजचा बदल-इतिहास दाखवून दुरुस्ती आधीच बसलेली आहे हे पटवायचे.

नवे चांगले की जुने, हा वाद दोन घटनांनी दोन्ही बाजूंना तोंडघशी पाडला. ‘हार्टब्लीड’ हा ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीतला दोष एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. तो २०१२ च्या १.०.१ आवृत्तीबरोबर आलेला होता, त्यामुळे ०.९.८ वर अडकून पडलेले लोक सुटले. पण सापडल्यावर ज्यांना तो लागू होता, त्यांना काही तासांत दुरुस्ती हवी होती. तिथे सावकाशी कामाची नव्हती. दुसरी घटना २९ मार्च २०२४ ची. एक्सझेड या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत कुणीतरी जाणूनबुजून चोरदरवाजा ठेवला होता. एसएसएच (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलातून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो पकडला. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या सिड-टेस्टिंगमध्ये, फेडोराच्या रॉहाइड या चाचणी-शाखेत, ओपनसुसे डिस्ट्रोच्या टम्बलवीड या रोलिंग शाखेत पोचली होती. डेबियन स्टेबलमध्ये नाही.

तेव्हा एकच वेग सगळ्या पॅकेजांना लावणे चूक, आणि कडक डिस्ट्रोही तसे करत नाहीत. ब्राउझर त्यातला ठळक अपवाद. त्याच्या दुरुस्त्या मागे शिवत बसणे आवाक्याबाहेरचे, म्हणून डेबियन स्टेबलमध्येसुद्धा फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती वेळोवेळी बदलली जाते. देशोदेशीच्या घड्याळांचे नियम सांगणारे ‘टीझेडडेटा’ही असेच, एखाद्या सरकारने वेळ बदलली तर दोन वर्षे थांबून कसे चालेल?

पॅकेज आले, बसले, तरी ते लागू झाले असे नाही. डिस्कवरची लायब्ररी बदलते, पण आधीपासून चालू असलेली सेवा मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहते. रविवारी मध्यरात्री मिळालेल्या दोन तासांच्या मेंटेनन्स विंडोत, म्हणजे देखभालीसाठी राखलेल्या वेळात, अपडेटला बहुधा दहा-पंधरा मिनिटे पुरतात. उरलेला वेळ एकेक सेवा पुन्हा सुरू करण्यात जातो, आणि कर्नल बदलला असेल तर सर्व्हर रीबूट करून तो परत येईपर्यंत, यंत्र जागे आहे का हे विचारणाऱ्या पिंगकडे बघत बसण्यात.