पन्नास वर्षांपूर्वीच्या भावाची घरपट्टी

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात ससेक्स नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिथली घरपट्टी अगदी 2024 सालापर्यंत 1974 सालच्या किमतींवर ठरत होती, तीही त्या किमतीच्या निम्म्यावर. कुणी 2015 मध्ये नवं घर बांधलं, तर काउंटीच्या कचेरीत हिशोब व्हायचा, की हेच घर 1974 मध्ये उभं असतं तर त्याची किंमत काय झाली असती! शेजारच्या केंट काउंटीत 1987 चे भाव चालत, न्यू कॅसलमध्ये 1983 चे. राज्यात काउंट्या तीनच, आणि तिन्हींची ही गत.

वरवर पाहता हा घरमालकांच्या फायद्याचा मामला वाटतो. किंमत जुनी, म्हणजे कर कमी. पण घरपट्टीचं गणित असं चालत नाही. शाळा, रस्ते, वाचनालयं यांना पैसा तेवढाच लागतो; घरांच्या किमती कमी दाखवल्या तर कराचा दर चढा ठेवावा लागतो, एवढंच. मूल्यांकनातून ठरतं ते एकूण रकमेत कुणाचा वाटा किती, हे. सोसायटीत टँकरचं बिल वाटून घेताना फ्लॅटचं क्षेत्रफळ मोजावं, तसं. मोजमाप चुकलं म्हणून बिल घटत नाही, ते भलत्याच्या गळ्यात पडतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गावात दोनच घरं आहेत आणि वर्षाला 6,000 डॉलर जमवायचे आहेत. 1974 मध्ये दोन्ही घरांची किंमत सारखी होती, म्हणून प्रत्येकी 3,000. आज त्यातलं एक समुद्रकिनाऱ्याजवळचं घर 10 लाख डॉलरचं झालंय आणि आतल्या बाजूचं 2 लाखांचं. आजच्या भावानं वाटणी केली तर पहिल्यानं 5,000 आणि दुसऱ्यानं 1,000 द्यायला हवेत. जुन्या भावाला चिकटून राहिल्यावर दुसऱ्या घराचा मालक दरवर्षी 2,000 डॉलर जास्त भरतो, आणि ते कुठल्याच पावतीवर दिसत नाही. ससेक्सचा नकाशा काहीसा असाच आहे. पूर्वेला रिहोबोथ बीच आणि लुइससारखी किनाऱ्यावरची सुट्टीची गावं, तर पश्चिमेला सीफर्ड. ड्यूपाँट कंपनीचा नायलॉनचा पहिला कारखाना 1939 मध्ये सुरू झाला तो याच सीफर्डात. पन्नास वर्षांत या दोन टोकांच्या जमिनीचे भाव एकाच वेगानं वाढले असतील, असं मानायला कुणीही धजणार नाही. करआकारणीची वही मात्र तेच मानून चालली होती.

राज्याचा कायदा सांगत होता, की मालमत्तेची आकारणी तिच्या खऱ्या पैशातल्या किमतीवर व्हावी. 2018 मध्ये पालकांची एक संघटना आणि एनएएसीपी ही नागरी हक्कांची संस्था कोर्टात गेली. त्यांचा मुद्दा शाळांचा होता: घरांच्या किमती गोठल्या, की शाळांचं स्थानिक उत्पन्नही गोठतं आणि दर वाढवायचा तर प्रत्येक वेळी लोकांचं मतदान घ्यावं लागतं. 2020 मध्ये न्यायालयानं जुनी आकारणी बेकायदा ठरवली. मग तिन्ही काउंट्यांनी नव्यानं मोजणी करायचं कबूल केलं.

आता खरा प्रश्न येतो. लाखो घरांची आजची किंमत काढायची कशी? विकत घेताना आपण एक घर बघतो, चार जणांना विचारतो. काउंटीला ते शक्य नाही. आपल्याकडे रेडी रेकनरमध्ये विभागवार दर ठरतो आणि बऱ्याचशा इमारती त्या दराखाली येतात. अमेरिकेत मात्र प्रत्येक घराचा वेगळा अंदाज काढावा लागतो. त्यासाठी ‘सामूहिक मूल्यांकन’ करतात. जिच्यात शिकागो शहर आहे ती इलिनॉय राज्यातली कुक काउंटी यासाठी पाहण्यासारखी आहे. तिथे सुमारे 18 लाख मालमत्ता आहेत. काउंटीचे तीन भाग पाडलेत आणि दरवर्षी एका भागाचं फेरमूल्यांकन होतं. शिकागो शहराची पाळी 2021 मध्ये आली, मग 2024 मध्ये.

सुरुवात होते ती नुकत्याच विकल्या गेलेल्या घरांपासून. कारण खरी किंमत कळते ती तिथेच. यादीतून आधी नकली व्यवहार गाळतात: बापानं मुलाला नावापुरत्या पैशांत दिलेलं घर, बँकेनं जप्त करून फुंकलेलं घर. उरलेल्या व्यवहारांवरून संगणक शिकतो, की कुठल्या गुणानं किमतीत किती फरक पडतो. क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, न्हाणीघरं, गॅरेज हे तर झालंच, पण शाळेचा विभाग, पुराचा धोका, विमानतळाचा गोंगाट अशाही गोष्टी धरतात. पूर्वी यासाठी एकच सरळ समीकरण वापरत. आता कुक काउंटीत हजारो छोटे ‘निर्णयवृक्ष’ एकापाठोपाठ एक उभे केले जातात. प्रत्येक वृक्ष काही हो-नाही प्रश्न विचारतो आणि आधीच्या सगळ्यांनी मिळून जी चूक शिल्लक ठेवली, तेवढीच भरून काढायचा प्रयत्न करतो. हा प्रोग्रॅम काउंटीनं सगळ्यांना पाहता येईल असा इंटरनेटवर खुला ठेवला आहे. सरकारी कचेरीनं स्वतःचं गणित असं चव्हाट्यावर मांडावं, हे मला तरी कौतुकाचं वाटतं.

पण अंदाज बरोबर आला, हे ओळखायचं कसं? त्यासाठी काउंटीची किंमत भागिले विक्रीची किंमत, असं गुणोत्तर काढतात. पुन्हा काल्पनिक आकडे घेऊ. एक घर 1 लाखाला विकलं गेलं, काउंटीनं ते 1 लाख 20 हजारांचं ठरवलं, गुणोत्तर 1.2. दुसरं 5 लाखांना गेलं, काउंटीच्या मते ते 4 लाखांचं, गुणोत्तर 0.8. दोघांची सरासरी बरोबर 1. अधिकारी छाती पुढे काढून म्हणू शकतो, आमचा अंदाज सरासरीनं अचूक! पण दोन्ही घरं सरासरीपासून 20 टक्के लांब आहेत. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या निकषानुसार राहत्या घरांसाठी हा फैलाव 15 टक्क्यांच्या आत असायला हवा.

याहून महत्त्वाची दुसरी चाचणी. दोन्ही घरांची मिळून काउंटीनं किंमत लावली 5 लाख 20 हजार आणि विक्री झाली 6 लाखांना. म्हणजे पैशांच्या वजनानं गुणोत्तर 0.87. साध्या सरासरीला, म्हणजे 1 ला, यानं भागलं की 1.15 येतं. हा आकडा 0.98 ते 1.03 च्या दरम्यान असला, तर ठीक. त्याच्या वर गेला, तर स्वस्त घरं वाजवीपेक्षा महाग धरली जाताहेत आणि महाग घरं स्वस्तात सुटताहेत. चुका दोन्ही बाजूंना सारख्या झाल्या असत्या तर माणूस एक वेळ सोसेल. इथे चुकीला दिशा आहे.

ही दिशा कुणी मुद्दाम दिलेली असायलाच हवी असं नाही. काउंटीच्या माणसाला घरात शिरता येत नाही. आतलं नवं स्वयंपाकघर किंवा गळकं छत त्याच्या तक्त्यात नसतं. कागदावर सारख्या दिसणाऱ्या दोन घरांना संगणक मधलीच किंमत लावतो. मग पडक्या घराची चढते आणि सजवलेल्याची उतरते. वर अपिलाचा भाग वेगळाच. कुक काउंटीत किंमत मान्य नसेल तर दाद मागता येते, आणि वकील लावून ती मागणारे बहुतेक कोण असतात, हे सांगायला नको. 2017 मध्ये शिकागो ट्रिब्यून आणि प्रोपब्लिका इलिनॉय यांनी आकडेवारीसह दाखवून दिलं, की तिथल्या आकारणीचा भार गरीब वस्त्यांवर जास्त पडतो. पुढच्याच वर्षी तेव्हाचे असेसर, म्हणजे आकारणी करणारे अधिकारी, जोसेफ बेरिओस निवडणुकीत पडले. हो, तिथे हे पद लोक मतदानानं भरतात.

या चाचण्यांना फसवायची एक नामी युक्तीही आहे. ज्या घरांची विक्री झाली, त्यांनाच गुपचूप विक्रीची किंमत लावून टाकायची. मग गुणोत्तर सगळीकडे 1, परीक्षेत पैकीच्या पैकी गुण, आणि न विकलेली घरं होती तिथेच. हे पकडायला सोपं आहे: विकलेल्या आणि न विकलेल्या घरांच्या किमती किती वाढवल्या, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

शिकागोजवळच्या शॉम्बर्गसारख्या उपनगरात राहणाऱ्या मराठी घरांतही काउंटीनं लावलेल्या किमतीची नोटीस येते, आणि ती पहिल्यांदा वाचणारा बुचकळ्यात पडतो. 3 लाखांच्या घरापुढे 30 हजार लिहिलेले असतात. कुक काउंटीत राहत्या घराची करपात्र किंमत बाजारभावाच्या 10 टक्के धरतात, दुकानं-कार्यालयांची 25 टक्के.

डेलावेअरमध्ये घरं आणि दुकानं यांच्यात अशी तफावत नव्हती, आणि नेमकं तिथेच प्रकरण पेटलं. 2025 मध्ये न्यू कॅसलची नवी बिलं आली. एकूण वसुली फार वाढू नये म्हणून दर खाली आणले होते. शाळांना फेरमूल्यांकनानंतर जास्तीत जास्त 10 टक्के वाढीव उत्पन्न घ्यायची मुभा होती. तरी कित्येक घरमालकांची बिलं भलतीच फुगली. कारण 1983 पासून घरांचे भाव जितके चढले तितके व्यापारी इमारतींचे चढले नव्हते, त्यामुळे एकूण रकमेतला मोठा वाटा व्यापाऱ्यांकडून घरमालकांकडे सरकला. मोजणी बरोबर असूनही लोक भडकले. ऑगस्टमध्ये विधिमंडळाला खास अधिवेशन घ्यावं लागलं आणि त्या काउंटीतल्या शाळांना घरांसाठी एक व इतर मालमत्तांसाठी चढा असे दोन दर लावायची परवानगी मिळाली. त्यात भाड्याच्या अपार्टमेंट इमारती ‘इतर’मध्ये गेल्या. या इमारतींचे मालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, हा वाढीव कर शेवटी भाडेकरूंच्याच खिशातून जाणार. राज्याच्या कायद्यानं आता निदान दर पाच वर्षांनी फेरमूल्यांकन सक्तीचं केलं आहे.