श्रावण, खारा बांगडा आणि वजनकाटा

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, आणि म्हणून कोकणातल्या घरोघरी मिरगाआधीच आगोटीची बेगमी म्हणून सुकट, सोडे आणि खारा बांगडा डब्यांत भरून ठेवलेला असतो. वेंगुर्ल्याला राहणारी माझी मावशी आषाढभर या डब्यांवर जेवते आणि दीप अमावास्येच्या रात्री ते फळीवर चढवून ठेवते. गेल्या वर्षी मात्र तिने श्रावण देवाबरोबर वजनासाठीही पाळायचे ठरवले. गणपती होईपर्यंत मासळी नाही, कांदा-लसूण नाही, एरवी एकभुक्त, आणि सोमवार, शनिवार व एकादशी फराळावर, असा तिचा नेम होता. पहिल्या दिवशी काट्यावर ७२ किलो भरले आणि आठव्या दिवशी साडेएकोणसत्तर. तिने हे सगळ्या वाडीला सांगितले.

हिशेब मांडला की संशय येतो. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरींचा साठा. अडीच किलो चरबी आठ दिवसांत जळायची, तर रोज सुमारे २,४०० कॅलरींची तूट पडायला हवी; आणि तिच्या वयाच्या, घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा एकूण खर्चच तेवढा नसतो. ती आठही दिवस पाण्यावर राहिली असती, तरी हा आकडा जमला नसता.

मग गेले काय? बहुतांशी पाणी. आपले यकृत आणि स्नायू मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, बाळगून असतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. दोन वेळचा भात एका वेळेवर आला की हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबरचे पाणीही जाते. दुसरे कारण खास आपल्याकडचे आहे. शरीरातल्या पेशींबाहेरच्या द्रवात लिटरमागे साधारण नऊ ग्रॅम मीठ असते, त्यामुळे मीठ शरीरात राहिले की त्याच्या प्रमाणात पाणीही राहते. आषाढभर खारा बांगडा खाणाऱ्या माणसाने तो एका रात्रीत बंद केला, तर मूत्रपिंडे जादा मीठ पाण्यासकट बाहेर टाकतात. शिवाय उपवासात इन्सुलिन उतरल्यामुळे ती मीठ आणखी सढळ हाताने सोडतात. मावशीचा पहिला आठवडा असा मुख्यतः फळीवर चढवलेल्या डब्यांचा होता.

पुढचे चार आठवडे काटा जवळजवळ हलला नाही, आणि याला फराळाचे ताटही जबाबदार होते. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो (कसावा, बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले, तरी आपल्या उपवासाला चालतात आणि परसातला कुळीथ चालत नाही, ही गंमत मला कधी उलगडलेली नाही) आणि तो जवळपास निव्वळ पिष्ट असतो. मूठभर साबुदाणा, शेंगदाण्याचे कूट, चमचाभर तूप आणि अर्धा बटाटा अशी एक बशी खिचडी सहज सहाशे कॅलरींपर्यंत जाते, आणि त्यात प्रथिने असतात आठेक ग्रॅम, तीही बहुतेक कुटातली. उलट शंभर ग्रॅम ताज्या बांगड्यात एकोणीसेक ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिने पोट अधिक काळ भरलेले ठेवतात आणि वजन उतरताना स्नायू टिकवायला मदत करतात. ताटातून मासळी गेली आणि तिच्या जागी कडधान्य न येता साबुदाणा आला, तर उतरणाऱ्या थोड्या वजनात स्नायूंचा वाटा वाढण्याचा धोका असतो.

फार कमी खाल्ले तर शरीर काय करते, हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांवर पाहिले. चोवीस आठवडे रोज सुमारे १,५७० कॅलरींवर राहून त्यांचे वजन जवळपास पाव भागाने घटले, पण शरीराने विश्रांतीतला खर्चही कमी केला आणि दिवसभर त्यांच्या डोक्यात फक्त अन्न घोळू लागले. उपवासाच्या चित्रफितींत हा प्रयोग सहसा येत नाही. येतो तो २०१६चा नोबेल मिळवणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांचा. पेशी स्वतःचे जुने भाग कसे पचवतात हे त्यांनी यीस्टमध्ये दाखवले. पोटाचा घेर त्यांनी मोजला नव्हता.

तरीही नेमाला मी कमी लेखणार नाही. स्वतःच घातलेले पथ्य दुपारी चार वाजता स्वतःशीच वाद घालून मोडता येते. श्रावण मोडायचा तर शेजारीण विचारते. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने नेम धरण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण जेवण टळले आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

दीड दिवसाचा गणपती पोचवला तेव्हा मावशीचे वजन ६९.३ होते. मग डबे खाली आले, दोन वेळचा भात आला, आणि चौथ्या दिवशी काट्याने ७१.४ दाखवले. ती मोदकांवर चिडली. मोदक निर्दोष होते. परतले ते बरेचसे पाणीच. पाच आठवड्यांची खरी कमाई सहाशे ग्रॅमच्या आसपास होती.

यंदा तिने सोमवार तेवढा फराळाचा ठेवला आहे, इतर दिवशी ताटात कुळथाची पिठी किंवा काळ्या वाटाण्याची उसळ असते, आणि काटा मी माझ्याकडे आणून ठेवला आहे.