तापमानवाढ आणि गहू : अंदाजाची मॉडेल्स आली कुठून?

तापमान एका अंशाने वाढलं की जगाचं गव्हाचं उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटेल, हा २०१५ सालच्या अभ्यासातला आकडा आजही बातम्यांत फिरतो. तो ज्या पीक-मॉडेल्समधून, म्हणजे पिकाची वाढ गणिताने मांडणाऱ्या संगणकीय आराखड्यांतून निघाला, त्यांची सुरुवात मात्र हवामानबदलाच्या काळजीतून झालेली नाही.

१९७२ साली आपल्याकडे दुष्काळ होता, तसंच सोव्हिएत संघातही पीक बुडालं होतं. सोव्हिएत खरेदीदारांनी गाजावाजा न करता अमेरिकेतून प्रचंड गहू उचलला. भाव भडकल्यावर अमेरिकेच्या लक्षात आलं, की परक्या देशातल्या पिकाचा अंदाज घ्यायला आपल्याकडे धड साधनच नाही. मग एकीकडे उपग्रहांवरून गव्हाचं क्षेत्र मोजणं सुरू झालं, तर दुसरीकडे टेक्सासमधल्या टेंपल इथे जो रिची आणि सहकाऱ्यांनी ‘सेरेस’ मॉडेल रचलं. पाणी, नत्र आणि हवामान दिलं की जगातल्या कुठल्याही शेतातल्या गव्हाचा उतारा सांगायचा, ही त्यामागची अपेक्षा.

पाया अर्थात जुना होता. फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७३५ सालीच रोजच्या तापमानाची बेरीज करून पीक पिकण्याचा काळ सांगता येईल, असं मांडलं होतं. पुण्यात १९३२ साली हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला. पानांवर पडणाऱ्या प्रकाशातून किती अन्न तयार होतं, याचं गणित हॉलंडच्या डी विट यांनी १९६५ साली मांडलं.

रेओम्यूरची ती बेरीज आजही मॉडेलच्या पोटात आहे. समजा, दाणा भरायला ६०० ‘अंश-दिवस’ लागतात. रोजची सरासरी २० अंश असेल तर ३० दिवस मिळतात. २२ झाली की जेमतेम २७. ओंबी तीच, पण पोसायला दिवस कमी, म्हणून दाणा बारीक. १९९१ साली सिन्हा आणि स्वामिनाथन या कृषिशास्त्रज्ञांनी हिवाळ्यातलं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तर उत्तर भारतातला गहू आठवडाभर आधी पिकेल आणि हेक्टरी साधारण साडेचार क्विंटल उतारा घटेल, असं म्हटलं, त्याचंही मर्म हेच. पुढे १९९४ साली रोझेनझ्वाइग आणि पॅरी यांनी १८ देशांतल्या मॉडेल-निष्कर्षांवरून जगाचं चित्र मांडलं, आणि नंतर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रमोद अग्रवाल यांच्या गटाने ‘इन्फोक्रॉप’ हे देशी मॉडेल तयार केलं.

गोची अशी, की दिवस कमी होणं आणि चटका बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३४ अंशांपुढे गव्हाची पानं वेळेआधीच पिवळी पडतात. अमेरिकी संशोधक डेव्हिड लोबेल यांनी २०१२ साली उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवलं, की पेरणीच्या काही तारखांबाबत ‘सेरेस’सारखी मॉडेल्स हे नुकसान निम्म्याने कमी धरत होती. दहा वर्षांनी मार्च महिना असा तापला, की केंद्राने फेब्रुवारीत सांगितलेला ११.१३ कोटी टनांचा अंदाज मे महिन्यात १०.६४ कोटींवर आला आणि निर्यात बंद झाली.

हवेत वाढणारा कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) पिकाला किती पोसतो, हा वाद तर अजून मिटलेला नाही. बंदिस्त खोल्यांतल्या प्रयोगांत वाढीव कर्बवायूने गहू जोमाने वाढे. उघड्या शेतात तो फायदा बराच कमी भरला. ज्वारी-बाजरीला तर तो फारसा मिळतच नाही, दुष्काळी वर्षात मिळाला तर थोडाफार. कीड-रोग बहुतेक मॉडेल्सच्या हिशेबात अजूनही नसतात. गारपीटही नसते, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातली रब्बी झोपवली ती गारपिटीनेच.