नोंद नसलेला जीव: पाळीव टॅरंटुलाच्या मृत्यूमागची पार्श्वभूमी

मुक्या जिवासाठी रडणे कृष्णाकाठाला नवे नाही. संगम माहुलीला खंड्या कुत्र्याची समाधी आहे. अठराव्या शतकात साताऱ्याच्या छत्रपतींना त्याने वाघापासून वाचवले, असे सांगतात. दावणीचा बैल गेला की हळद-कुंकू वाहून त्याला शेतातच पुरणारी घरे सातारा-सांगलीत आजही आहेत, आणि त्या दिवशी भावकी दारात येऊन बसते. टॅरंटुला, म्हणजे पेटीत पाळलेला मोठा केसाळ कोळी, गेला तर कोणी येत नाही. कोळ्याची शिसारी हे त्याचे वरवरचे कारण. त्याहून मोठे कारण मला गेल्या पाच-सहा वर्षांतल्या सरकारी निर्णयांत दिसते.

आधी हा जीव किती काळ सोबत राहतो ते पाहू. मेक्सिकोतल्या ब्रॅकिपेल्मा या टॅरंटुलांच्या माद्या वीस वर्षांहून जास्त जगतात. नर वयात आल्यावर फार काळ टिकत नाहीत. कॉलेजात असताना आणलेली मादी पोरे शाळेत जायला लागली तरी त्याच काचेच्या पेटीत असू शकते. सावकाश वाढणाऱ्या या प्राण्याची जंगलातून बेसुमार पकड झाली, म्हणून 1994 मध्ये ब्रॅकिपेल्माची सगळी प्रजात आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत गेली. भारत-श्रीलंकेतल्या पोइसिलोथेरिया या टॅरंटुलांच्या जाती 2019 मध्ये त्याच यादीत आल्या. यातल्या काही आपल्याच सह्याद्रीत झाडांच्या ढोल्यांत राहतात.

मृत्यू ओळखणेही सोपे नाही. टॅरंटुला उताणा पडलेला दिसला की नवखा माणूस घाबरतो, पण बहुतेक वेळा ती कात टाकण्याची तयारी असते. त्या वेळी त्याला हात लावला तर कोवळे अंग फाटून खरेच मरण येऊ शकते. खरी धास्ती उलट्या चित्राची: प्राणी सरळ बसलेला, पण आठही पाय पोटाखाली मुडपलेले. टॅरंटुलाला पाय आत ओढायला स्नायू असतात. मुख्य सांधे ताठ करण्याचे काम मात्र शरीरातल्या द्रवाचा दाब करतो. तो दाब ओसरला की पाय आपोआप आत वळतात. पाण्याच्या कमतरतेनेही असे होते, म्हणून पाळणारे आशेने पाण्याची वाटी जवळ सरकवून तासन्तास बसून राहतात. या वेळी कोणाला फोन करावा? शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगावी गुरांचे दवाखाने आहेत. कोळी तपासणारा डॉक्टर मिळणे मात्र नशिबाची गोष्ट. खरे तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ या व्याख्येत बसतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. नंतरच्या पंचनाम्यांत मदतीसाठी धरली गेली ती गाई-म्हशी, बैल, शेळ्या, कोंबड्या. घरात छंद म्हणून पाळलेला जीव त्या तक्त्यात नव्हता.

वादाचा निर्णय आला जून 2020 मध्ये. केंद्राने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्यासाठी सहा महिने दिले. त्या मुदतीत जाहीर केलेल्या प्राण्याचे कागद विचारले जाणार नव्हते. उच्च न्यायालयातही ही सवलत टिकली. टीकाकार म्हणाले, चोरट्या मार्गाने आलेल्या जनावरांना सरकारनेच पांढरे करून दिले. आक्षेप खोटा नाही. पकडलेल्या प्रत्येक टॅरंटुलामागे एक रिकामे बीळ असते, आणि ते विसरून छंदाची बाजू घेता येत नाही. तरीही मला हा निर्णय योग्यच वाटतो. दुकानातून पेटी घेतलेल्या मुलाला आयातीचा परवाना म्हणजे काय हे माहीत नव्हते. त्याला उघड बोलण्याची ती पहिलीच संधी होती. चूक झाली ती प्रचारात. लॉकडाऊनच्या त्या महिन्यांत तालुक्याच्या गावापर्यंत, मराठीतून, ही गोष्ट पोचायला हवी होती.

पुढे वन्यजीव कायद्यात 2022 ची दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली. फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी यादीतल्या जिवंत प्राण्याची ऑनलाइन नोंद बंधनकारक केली. त्यासाठीही सहा महिन्यांची मुदत होती. ताबा, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू, सगळे कळवायचे. ज्याने नोंद केली त्याच्या टॅरंटुलाचा मृत्यू निदान कुठेतरी लिहिला जातो. ज्याने दोन्ही मुदती घालवल्या त्याने प्राणी गेल्याचे बोलायचे म्हणजे तो होता हे आधी कबूल करायचे. यादीत नसलेल्या जातींना ही नोंद लागू नाही, पण आपली जात कुठली हेच पुष्कळांना नक्की ठाऊक नसते, आणि तेही भीतीने गप्प राहतात.

समाज ज्या दुःखाला दुःख मानत नाही, त्याचा स्वतंत्र विचार अमेरिकेतल्या एका अभ्यासकाने 1989 मध्ये मांडला. पाळीव प्राण्यांच्या मृत्यूवर बोलताना आज तोच आधार घेतात. आपल्याकडे त्यात कायद्याच्या धाकाची भर पडली. म्हणून इथे समुपदेशकाइतकीच वनखात्याची जबाबदारी आहे. उशिरा येणाऱ्याला गुन्हेगार न ठरवता नोंद करून घेणारी एक खिडकी साताऱ्यात आणि सांगलीत उघडावी, आणि तिथला अर्ज मराठीत असावा.