कावीळ, गालगुंड आणि आफ्रिकेतले मासे

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याने एक व्हिडिओ टाकला. एक मासा, त्याच्याभोवती बारीक बारीक पिल्लांचा घोळका, आणि एकदम तो मासा तोंड उघडतो आणि सगळी पिल्लं आत गायब. खाली लिहिलेलं, "कलियुग! आईच आपली पिल्लं खाते. पुढे पाठवा." पंधरा जणांनी हात जोडले. मला काही राहवलं नाही, कारण ती बाई पिल्लं खात नव्हती, धोका दिसला म्हणून घरात घेत होती, आणि व्हिडिओचे पुढचे दहा-वीस सेकंद कोणी कापले नसते तर तीच पिल्लं परत बाहेर येताना दिसली असती.

वर गंमत अशी की तो मासा आत्याच्या चांगल्या ओळखीचा. चिलापी! उजनीची म्हणून बाजारात मिळते तीच. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेचा, भारतात 1952 साली आणला, आणि तो सिक्लिड नावाच्या भल्या मोठ्या खानदानातला. आपले स्वतःचे देशी सिक्लिड फक्त तीन, त्यातला एक म्हणजे गोव्याकडचा काळुंदर, केरळात ज्याला करीमीन म्हणतात तो. पण काळुंदर अंडी दगडाला नाहीतर लाकडाला चिकटवतो आणि राखण करत बसतो. तोंडात पिल्लं वाढवायचा उद्योग चिलापीचा, आणि तिच्या आफ्रिकेतल्या शेकडो चुलत बहिणींचा. त्यातल्या काही माझ्या भांडुपच्या वन बीएचकेत राहतात.

माझ्याकडे चार फुटी टाकी आहे, साधारण अडीचशे लिटरची. दगड धरून वजन तीनशे किलोच्या वर जातं, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना मी अजून सांगितलेलं नाही. सुरुवात केली तेव्हा कुर्ल्याहून सहा केनयी आणले, मलावी सरोवरातली जात, बोटाच्या पेराएवढे, निळे, वर गडद पट्टे. चार-पाच महिन्यांनी त्यातला सगळ्यात दांडगा हळूहळू फिकट व्हायला लागला आणि मग चक्क पिवळा झाला. बाबा म्हणाले याला कावीळ झाली. मी दुकानात गेलो (कुठलं ते सांगत नाही), त्याने एक निळ्या औषधाची बाटली दिली, मी ती ओतली, टाकीच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन आजपर्यंत निळं आहे. माशाला काही झालेलं नव्हतं. केनयीत लहानपणी सगळेच निळे असतात, मादी निळीच राहते आणि नर वयात आला की पिवळा होतो. म्हणजे मुलाला मिसरूड फुटली आणि आम्ही त्याला औषध पाजलं.

पुढे महिन्याभरात एका निळ्या मादीने खाणं सोडलं. दगडाआड बसून राहायची, दाणे टाकले की बाकीचे झडप घालायचे आणि ही नुसती बघायची, आणि हनुवटीखाली ही एवढी सूज. आई म्हणाली, "अगं बाई, गालगुंड!" या वेळी मी दुकानात गेलो नाही, टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बसलो. दर थोड्या वेळाने ती जबडा हलवायची, चूळ भरल्यासारखा, आणि हनुवटीच्या पातळ कातडीतून आत पिवळे गोळे गडगडताना दिसायचे. अंडी होती ती!

आता पाण्याचं लवकर उरकतो, कारण लोक तिथेच अडकतात. मलावीचं पाणी अल्कधर्मी, पीएच साधारण पावणेआठ ते साडेआठ. मुंबईचं पाणी म्हणजे भातसा-वैतरणा-तानसाचं, पावसाचं, क्षार कमी, शाळेत ज्याला सुफेन म्हणायचे त्या बाजूचं, त्यामुळे साबणाला फेस छान येतो पण टाकीत पीएच टिकत नाही, हळूहळू खाली घसरतो. उपाय स्वस्त आहे, फिल्टरमध्ये कोरलचा चुरा टाकायचा, तो विरघळत राहतो आणि पीएच धरून ठेवतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, आणि त्यातला विषारी भाग पीएच 7 ला अर्धा टक्का असतो तोच साडेआठला पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे गोड्या पाण्याच्या दुसऱ्या माशांना जी घाण चालून जाते ती यांना मारते. म्हणून आधी महिनाभर फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया जमू द्या, दर आठवड्याला पाणी बदला, नळाच्या पाण्याला अँटीक्लोरीन मारा. झालं पाण्याचं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. ही अंडी फळतात कुठे?

साधं वाटतं, पण नाहीये. बहुतेक माशांत मादी अंडी टाकते, नर वरून शुक्राणू सोडतो, पाण्यातच काम होतं. रोहूची मादी लाखांनी अंडी टाकते, त्यातली बरीच वाया गेली तरी चालतं. आमच्या मादीकडे असतात वीस-तीस किंवा थोडी जास्त, प्रत्येक कोरड्या साबुदाण्याएवढं मोठं, बलकाने भरलेलं, आणि भोवती सगळे टपलेले. त्यामुळे ती एक-दोन अंडी टाकते, गर्रकन वळते आणि उचलून तोंडात टाकते. इतकी झटपट की नराला पुष्कळदा वेळच मिळत नाही. मग बंद तोंडातलं अंडं फळणार कसं?

नराच्या पोटाखालच्या मागच्या पराकडे बघा. तिथे पिवळे-केशरी गोल ठिपके असतात, कडेला फिकट कंगोरा, अगदी अंड्यासारखे. मादी अंडी उचलून झाली की नर तिच्यासमोर आडवा होतो, पर पसरतो, थरथरतो. मादी त्या ठिपक्यांना तोंड लावते, जणू अजून एक-दोन अंडी राहिलीत, आणि नेमकं तेव्हा नर शुक्राणू सोडतो, ते थेट तिच्या तोंडात. अंडी फळतात ती तोंडात! मग ती पुन्हा अंडी टाकते, पुन्हा उचलते, पुन्हा ठिपके, दोघं एकमेकांच्या शेपटीमागे गोल गोल फिरत राहतात, अर्धा-पाऊण तास. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मला वासही आला नाही.

ठिपके म्हणजे नकली अंडी ही कल्पना वोल्फगांग विकलर या जर्मन शास्त्रज्ञाने 1962 साली मांडली, आणि ती इतकी सुबक आहे की पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. पण सुबक गोष्टीवर जरा संशय घ्यावा. पुढे प्रयोगांत दिसलं की ठिपके नसले तरी अंडी फळू शकतात, आणि एका जातीत तर ठिपके मादीला भुलवण्यापेक्षा समोरच्या नराला दबकवायला जास्त कामी येतात. दुसरा एक विचार असा की या माशांना पिवळ्या-केशरी ठिपक्यांची ओढ आधीपासूनच होती, खाण्यामुळे असेल, आणि नरांनी त्या जुन्या ओढीचा फायदा उठवला. माझं मत विचाराल तर हे सगळं एकाच वेळी खरं असू शकतं, एका गोष्टीचा एकच उपयोग हवा असा काही निसर्गाचा कायदा नाही.

ठिपके आले कुठून हे त्याहून भारी आहे, जरा धीर धरा. 2014 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी दाखवलं की यात एफएचएल-टू-बी नावाच्या जीनचा हात आहे. जीन नवा नाही, तो इतर माशांतही असतो. नवं काय, तर जीनच्या शेजारी, जिथून त्याचं बटण चालू-बंद होतं त्या भागात, डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसला. असे तुकडे जीनोममध्ये स्वतःच्या नकला करत इकडेतिकडे घुसतात आणि बहुतेक वेळा त्याने काहीच होत नाही. हा मात्र अशा जागी बसला की तो जीन चंदेरी चमक देणाऱ्या पेशींत चालू व्हायला लागला, आणि ज्या शाखेत तो तुकडा आहे तिच्यातच हे ठिपके आहेत, त्या शाखेत साधारण दीड हजार जाती. म्हणजे जीन तोच, बटण नवं. इथपर्यंत पोचलात तर शाबास, माझ्या बायकोने दुसऱ्या वाक्याला चहा ठेवायला उठून दाखवलं.

तर अंडी तोंडात आहेत, फळलीयेत. पुढचे साधारण तीन आठवडे मादी जवळजवळ उपाशी. ती जी चूळ भरते ना, ते फार महत्त्वाचं काम आहे, अंडी सतत उलटीपालटी होतात, त्यांना ताज्या पाण्यातला ऑक्सिजन मिळतो आणि बुरशी बसत नाही. तीच अंडी काढून भांड्यात नुसती ठेवली तर दोन दिवसांत पांढरी कापसासारखी होतात, म्हणून ज्यांना लवकर काढायची असतात ते बाटलीत एअर पंपाने पाणी फिरवून नकली तोंड बनवतात. पाच-सहा दिवसांत अंड्याला शेपूट आणि डोळे येतात, बलकाची पिशवी मात्र पोटाला तशीच, डबा बांधून दिल्यासारखी, आणि तो डबा संपेपर्यंत पिल्लू आईच्या तोंडात. आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवरातल्या ट्रोफियस नावाच्या माशाची आई तर पिल्लं तोंडात असतानाही शेवाळ कुरतडते, ते पिल्लांसाठी, आत जेवण पाठवते.

अठराव्या दिवशी मी पिल्लं काढायची ठरवली, कारण टाकीत सोडली असती तर बाकीच्यांनी फराळ केला असता. केनयीची आई एकदा तोंडातून सोडलं की फारशी विचारत नाही, ती आत-बाहेर करायची माया चिलापीची. टाकीचंच पाणी बादलीत घेतलं, हात ओला केला, मादीला अलगद धरलं, तोंड खाली, आणि इअरबडच्या टोकाने खालचा जबडा जरासा उघडला. आधी काही नाही. मग एक करडं, शेपटी हलवणारं पिल्लू पडलं, मग दोन, आणि मग भसाभसा. तेवीस! आईची चहाची गाळणी त्यांना दुसऱ्या टबात न्यायला वापरली, त्यावर घरात जे झालं ते वेगळं. मादीचं डोकं मोठं आणि पोट खपाटीला गेलेलं, तिला आठवडाभर वेगळ्या टबात ठेवून खाऊ घातलं.

आणि एवढ्या बंदोबस्तालाही चोर आहे! टांगानिका सरोवरात ठिपक्याठिपक्यांचा एक कॅटफिश आहे. सिक्लिडची जोडी अंडी घालत असते तेव्हा हा मध्ये घुसतो, स्वतःची अंडी टाकून पळतो, आणि मादी घाईघाईत आपली म्हणून तीही उचलते. कॅटफिशची अंडी आधी फुटतात, आणि त्याची पिल्लं त्या आईच्या तोंडात बसून तिचीच लेकरं खातात. 1986 साली तेत्सु सातो या जपानी शास्त्रज्ञाने हे जगापुढे आणलं. कोकिळा-कावळ्याची गोष्ट आपल्याला माहीत आहे, पण कावळ्याचं निदान घरटं तरी बाहेर असतं, हे चक्क तोंडात. टांगानिकातल्या माद्या या कॅटफिशसोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यात, त्या बरीच परकी अंडी ओळखून टाकून देतात. मलावीत हा चोरच नाही, त्यामुळे आपल्या टाकीतल्या मलावीच्या माद्या सहज फसतात. तो कॅटफिश दिसतो फार देखणा, केनयींसोबत ठेवायचा मोह झालाच तर हे आठवा.

दोन गोष्टी बोलायच्या राहिल्या. एक, "घरी मासे वाढवा, महिन्याला पन्नास हजार कमवा" वाले व्हिडिओ. तेवीसातले माझे सतरा जगले, चार महिने दाणे, वीज आणि पाणी भरून दुकानदाराने जो भाव सांगितला त्यात माझा फिल्टरचा स्पंजही आला नसता. मित्रांना वाटले. त्याच दुकानात फ्लॉवरहॉर्न नावाचा मासा मात्र हजारो रुपयांना विकला जातो, कारण त्याच्या डोक्यावरचं टेंगूळ म्हणे लक्ष्मी आणतं, आणि तो मेला तर घरावरचं संकट स्वतःवर घेऊन मेला. तो बिचारा मलेशियात माणसांनी केलेला संकर, आणि बहुतेक वेळा मरतो तो अमोनियाने.

दुसरी, "मिक्स आफ्रिकन" म्हणून सगळे एकत्र घालू नका. या माशांतल्या बऱ्याच जाती एकमेकांच्या इतक्या जवळच्या आहेत की मादी आपला नर ओळखते ती मुख्यतः रंगावरून, आणि तिच्या जातीचा नरच नसला तर ती जो आहे त्याच्याशी जमवून घेते. व्हिक्टोरिया सरोवरात नेमकं हेच झालं, पाणी गढूळ झालं, रंग दिसेनात, आणि जाती एकमेकींत मिसळायला लागल्या, 1997 साली त्यावर पेपरही आला. आपली टाकी स्वच्छ असते पण पर्याय नसतो, निकाल तोच. असली पिल्लं मग कोणाला जातिवंत म्हणून देऊ नका.

आत्याला मी हे सगळं एवढं लिहिलं नाही, माझ्या मादीचा हनुवटी हलवतानाचा व्हिडिओ पाठवला आणि खाली चार ओळी, की ही जवळजवळ तीन आठवडे उपाशी राहून पोरं तोंडात वाढवते. बराच वेळ दोन निळ्या टिका नुसत्या. मग प्रश्न आला, "आणि बाप काय करतो?"

मी टाकीकडे बघितलं. पिवळा दगडावर आडवा होऊन दुसऱ्या निळीसमोर थरथरत होता. तेच लिहिलं.

आत्याचं उत्तर लगेच आलं, "मग त्याचा व्हिडिओ का नाही टाकत कोणी?"